दोन्ही कुशींवरचे ठिपके

वनखात्याच्या त्या कचेरीत तिला सगळे ठिपकेबाई म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तिलाही त्याचा राग येत नसे, कारण नाव कामावरूनच पडलं होतं. शहराच्या उत्तरेला जंगलाची एक पट्टी होती आणि त्या पट्टीत झाडांना छत्तीस कॅमेरे बांधलेले होते. समोरून काही जिवंत, ऊबदार गेलं की त्यांतून आपोआप फोटो निघे. दर सोमवारी म्हातारा वनरक्षक ते फोटो काढून आणायचा. ससे, डुकरं, लाकूडतोडे, एकमेकांचा हात धरून फिरणारी जोडपी असं सगळं बाजूला सारून ठिपकेबाई फक्त बिबटे वेगळे काढायची आणि कोणता फोटो कुणाचा ते सांगायची.

खरं तर बिबट्याच्या अंगावर नुसते ठिपके नसतातच. काळ्या शाईत बोट बुडवून पाच-सहा ठसे गोल उमटवावेत तशी फुलं असतात, आणि फुलाच्या आतला पिवळा रंग बाहेरच्यापेक्षा थोडा गडद असतो. पाय, मान, पोट इथे ती फुलं मोडतात आणि मग साधे ठिपके उरतात. ही नक्षी दोन जनावरांत कधी एक नसते. आईची लेकीला येत नाही, सख्ख्या भावंडांत जुळत नाही, एवढंच काय, एकाच बिबट्याच्या डाव्या कुशीची उजव्या कुशीशी जुळत नाही. अठरा वर्षांत ठिपकेबाईने एकसष्ट बिबटे ओळखून त्यांच्या फायली केल्या होत्या आणि त्यांत एकदाही चूक निघाली नव्हती. साहेब नवीन माणसांना सांगायचे की आपल्याकडे संगणक आहे, पण तो बाईंना विचारून उत्तर देतो.

त्या सोमवारी एकतीस नंबरच्या कॅमेऱ्यातून एक मादी निघाली. बंद पडलेल्या वीटभट्टीमागच्या गाडीवाटेवर, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. बिबट्याचं चालणं कडेकडेने, झुडपांच्या सावलीतून. माणूस उठून कामाला लागला की तो अंग चोरतो. ही मात्र रस्त्याच्या मधोमध, भर उन्हात, बाजाराला निघाल्यासारखी चालली होती. शेपटीचं टोक वर वळलेलं, त्याखालचा पांढरा रंग स्पष्ट दिसत होता.

संगणकाने एकसष्टांपैकी कुणाशीच जुळत नाही असं सांगितलं. म्हणजे नवी मादी. पण ठिपकेबाईला ती नवी वाटेना. नाव ओठांवर असावं आणि आठवू नये, तसं तिचं झालं. डाव्या खांद्यावर तीन फुलं साखळीसारखी एकमेकांत गुंतलेली, आणि त्यांच्याखाली एकटंच, एका बाजूने उघडं राहिलेलं चौथं. हे कुठेतरी आपण रोज बघतो, असं तिला दिवसभर वाटत राहिलं.

घरी गेल्यावर तिने सासऱ्यांचं ताट वाढलं. घराच्या दर्शनी भागात तिच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं, मधे स्वयंपाकघर आणि दोन खोल्या, आणि अगदी मागे सासऱ्यांची खोली. त्या खोलीचं दार छोट्या अंगणात उघडायचं, अंगणाला छातीएवढी भिंत आणि भिंतीपलीकडे ओढ्याची घळ. सासऱ्यांना शहाऐंशीवं लागलं होतं. एकेकाळी ते नावाजलेले शिकारी होते. आता चार वर्षं पलंगावर पडून होते. पाय कामातून गेले होते, पण डोकं अगदी ताळ्यावर होतं. ती त्यांना चमच्याने भरवत होती आणि मधेच चमचा तिच्या हातात तसाच थांबला.

पलंगासमोरच्या भिंतीवर बिबट्याचं कातडं होतं. सासऱ्यांनी त्रेचाळीस वर्षांपूर्वी मारलेल्या मादीचं, जुन्या परवान्यावर घरात ठेवलेलं. लग्न होऊन आल्यापासून बावीस वर्षं ती दर आठवड्याला मऊ ब्रशने त्याची धूळ झटकत होती. रोजची वस्तू, त्यामुळे तिच्याकडे नीट बघणं कधी झालंच नव्हतं. डाव्या खांद्यावर तीन फुलं साखळीसारखी गुंतलेली होती. त्यांच्याखाली एकटंच चौथं.

सासऱ्यांनी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, काही नाही, आणि चमचा पुढे केला.

दुसऱ्या दिवशी तिने फोटो मोठा छापून आणला, नवऱ्याच्या दुकानातलं भिंग घेतलं, आणि सासऱ्यांचा दुपारी डोळा लागल्यावर खुर्चीवर चढून एकेक फूल जुळवत गेली. डाव्या कुशीवरची एकेचाळीस फुलं तिने मोजली. एकेचाळीसच्या एकेचाळीस जुळली.

नवऱ्याने ऐकून घेतलं आणि हसण्यावारी नेलं. खिळ्यांवर ताणून सुकलेलं कातडं, त्यात मनाला येईल ते दिसतं, असं त्याचं म्हणणं. साहेबांनी सांगितलं की त्या मादीची ही नात-पणती असेल. नक्षी वारशाने येत नाही हे तुम्हीच मला शिकवलंत, असं ती म्हणाली, तेव्हा ते जरा गोरेमोरे झाले आणि म्हणाले, मग एकदा डोळे तपासून घ्या, तुमच्या तर घरातच सोय आहे. तिने खरंच तपासून घेतले. नंबर तसूभरही बदलला नव्हता.

पुढच्या सोमवारी ती मादी पाण्याच्या टाकीजवळ निघाली. वीटभट्टीपासून दोन मैल दक्षिणेला, पुन्हा दुपारी, पुन्हा भर रस्त्यात. या वेळी उजवी कूस कॅमेऱ्याकडे होती. ठिपकेबाई घरी जाऊन पुन्हा खुर्चीवर चढली. उजवी बाजूही जुळली. मग तिने पहिला फोटो परत काढला, कारण एक गोष्ट तिच्या मनात खुपत होती. डाव्या खांद्यामागे एक काळसर डाग होता, नाण्याएवढा, केस नसलेला. पहिल्यांदा बघताना तिने तो चिखल समजून सोडून दिला होता. कातड्यावर त्याच जागी गोळीचं भोक होतं, आतून चामड्याचा तुकडा लावून बुजवलेलं.

त्यानंतर तिने ही गोष्ट कचेरीत काढली नाही. एक मादी वस्तीच्या जवळ येत आहे, एवढंच तिने लेखी कळवलं. पहारा बसला, शाळेत सूचना गेली. वनरक्षक चार दिवस त्या वाटा तुडवत फिरला आणि त्याला एक पाऊल सापडलं नाही. त्याने तिला नवलाने सांगितलं की बिबट्या आसपास असला की कुत्री कोपऱ्यात दडतात, नाहीतर ऊर फुटेस्तोवर भुंकतात, पण या दिवसांत ती टाकीखाली खुशाल पाय ताणून झोपलेली असतात. जणू काही आलंच नाही.

शनिवारी सासऱ्यांनीच तिला हटकलं. म्हणाले, सूनबाई, तू खुर्चीवर चढून काय बघतेस ते मला दिसतं. मी झोपलेलो नसतो. तेव्हा तिने दोन्ही फोटो त्यांच्या हातात दिले. आता ते हसतील, किंवा चिडतील, असं तिला वाटलं. त्यांनी चष्मा लावला, फोटो उजेडाकडे धरले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले.

मग त्यांनी एकच विचारलं, "तोंड कुणीकडे आहे तिचं?"

"दक्षिणेला," ती म्हणाली. मग तिलाच ते अपुरं वाटलं. "इकडे, बाबा."

त्यांनी मान हलवली. निरोप अपेक्षित असावा आणि तो आता पोचावा, तशी.

तिसरा फोटो शाळेच्या मागचा होता. ठिपकेबाईने नकाशावर तिन्ही ठिकाणं जोडली. रेघ सरळ होती. एका टोकाला, चार टेकड्या पलीकडे, सासऱ्यांचं जुनं गाव होतं, जिथे ही शिकार झाली होती, आणि दुसरं टोक ओढ्याच्या घळीत शिरत होतं. त्याच दिवसापासून मागच्या खोलीत अधूनमधून तांदूळ शिजल्याचा वास येऊ लागला. चुलीवर काही नसताना, भर दुपारी, गरम, गोडसर वास. नवरा म्हणाला, शेजारी शिजत असेल. बिबट्या आपल्या हद्दीच्या खुणा करतो तेव्हा झाडाच्या खोडाला असाच वास येतो, तो तिने अठरा वर्षांत शंभरदा हुंगला होता. तिने कचेरीतला एक जादा कॅमेरा आणून अंगणाच्या भिंतीवर बांधला आणि मागच्या दाराला नवी कडी बसवून घेतली. सासरे ती कडी दिवसा लावू देईनात. म्हणाले, वारा लागू दे.

बुधवारी दुपारी त्यांनी तिला जवळ बसवलं आणि सांगायला लागले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. नवरा कुणाच्यातरी चष्म्याची काडी दुरुस्त करत करत दारापर्यंत आला आणि तिथेच उभा राहिला. सासऱ्यांनी त्याला पाहिलं होतं. तरी थांबले नाहीत.

त्या वर्षी गावात सात आठवड्यांत चार माणसं गेली होती. बिबट्या एकच होता, आणि सासऱ्यांना त्याचं पाऊल पाठ झालं होतं, कारण तो पुढचा डावा पाय ओढत चालायचा. धड जनावराचं मागचं पाऊल नेमकं पुढच्याच ठशावर पडतं, चार पायांनी चालून दोनच पायांचा माग राहतो. याचा माग विस्कटलेला असे. गावाने सासऱ्यांना साकडं घातलं. बकरी बांधून ते अकरा दिवस मचाणावर बसले. गावातली माणसं रोज सकाळी झाडाखाली येऊन वर बघायची, काही बोलायची नाहीत, आणि परत जायची. अकराव्या दिवशी, दिवस मावळायच्या आधी, ही मादी आली.

"बकरीकडे तिने बघितलंसुद्धा नाही," सासरे म्हणाले. "पोट भरलेलं होतं तिचं. बकरी ओरडत होती, आणि ही तिच्या बाजूने चालत गेली, आपल्याच नादात. चारही पाय धड. मला तिची पावलं मोजता येत होती, एवढ्या जवळून."

"मग कळलंच असेल," ठिपकेबाई म्हणाली.

"कळलं. बंदूक उचलायच्या आधीच कळलं होतं. पण अकरा दिवस झाले होते, सूनबाई."

गावाने त्यांना खांद्यावर घेऊन मिरवलं. मेलेल्या मादीचा पाय कुणी तपासला नाही. लोकांनी विचारलं, आता भीती नाही ना, आणि त्यांनी सांगितलं, नाही. त्या दिवसापासून लोकांनी दारं उघडी टाकली, बायका पुन्हा एकेकट्या लाकडांना जायला लागल्या. सहाव्या दिवशी दिवसाउजेडी पाचवा बळी गेला. सासऱ्यांची बायको. ठिपकेबाईची सासू, जिला तिने फोटोतही पाहिलं नव्हतं. दाराशी उभ्या असलेल्या मुलाचं वय तेव्हा तीन वर्षं होतं.

गाव म्हणालं की दुसराच कुठलातरी बिबट्या आला. कुणी बोट दाखवलं नाही. उलट त्यांच्यासाठी हळहळले. महिन्याभरात पायओढ्या नर दुसऱ्या गावी सापळ्यात सापडला, आणि सासरे मुलाला आणि कातड्याला घेऊन इथे शहरात आले. मुलाला सांगितलं की आई तापाने गेली. येणारे-जाणारे कातडं बघून म्हणायचे, म्हातारबुवांना अजून पराक्रम समोर लागतो. त्यांनी ते पलंगासमोर का लावलं होतं, हे त्रेचाळीस वर्षांत कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

दारातल्या नवऱ्याने हातातला चष्मा घडी घालून खिशात ठेवला, दुकानात गेला आणि आतून दार लावून घेतलं.

शुक्रवारी दुपारी ठिपकेबाई रजेवर होती. सासऱ्यांचं ताट घेऊन ती खोलीच्या उंबऱ्याशी आली आणि वास इतका दाट आला की तिचे डोळे चुरचुरले. मागचं दार उघडं होतं. अंगणातल्या दोरीवरचे कपडे वाऱ्याने हलत होते. आणि पलंग आणि भिंत यांच्यामधल्या मोकळ्या जागेत ती मादी उभी होती.

आयुष्यात बिबट्यांचे हजारो फोटो पाहिलेली बाई, पण जिवंत बिबट्या एवढ्या जवळून तिने कधी पाहिला नव्हता. तिला आधी वाटलं की हिचा आकार किती लहान आहे. मग मादीने एक पाऊल टाकलं आणि खांद्याची हाडं कातडीखालून वर येऊन खाली गेली, तेव्हा ते लहानखुरेपण कुठल्या कुठे गेलं. कानांच्या मागे पांढरे डाग. मिशा ताठ, पुढे वळलेल्या. डोळे मांजरासारखे उभ्या फटीचे नव्हते, माणसासारखे गोल बुबुळांचे होते. श्वासाचा आवाज येत होता, बारीक करवत लाकडात अडकत अडकत फिरावी तसा. डाव्या खांद्यामागे केस नसलेली जागा होती. आणि तिच्या डोक्यावर, भिंतीवर, तिचंच अंग चार खिळ्यांना ताणून लावलेलं होतं, फुलाला फूल, साखळीला साखळी.

ठिपकेबाईच्या हातातलं ताट पडलं नाही. ते तिने दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं, इतकं की नंतर दोन दिवस तिची बोटं दुखत होती.

सासरे उशीवरून अर्धे उठले होते. गेल्या चार वर्षांत ते आधाराशिवाय उठले नव्हते. त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी सोडली, गळा मोकळा केला, आणि शांतपणे, पाहुण्याला बस म्हणावं तसं म्हणाले, "घे."

मादीने मान वर केली. कातड्याच्या लोंबणाऱ्या पंज्याला नाक लावलं, हुंगलं. मग वळली आणि पलंगाला अंग घासत, म्हाताऱ्याच्या लोंबत्या हाताला तिचे केस लागतील एवढ्या जवळून, दाराकडे गेली. त्यांच्याकडे तिने पाहिलं नाही. एकदाही नाही. अंगणात ऊन होतं, त्या उन्हात ती गेली आणि ठिपकेबाईला दोरीवरचे कपडे दिसायला लागले.

सासरे तसेच बसून होते. मग त्यांच्या घशातून जो आवाज निघाला तो ऐकून नवरा दुकानातून धावत आला. बापाला रडताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. सासरे पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होते की तिने बघितलंसुद्धा नाही, तिला माझ्याकडून काही नकोच होतं.

अंगणातल्या मोरीजवळच्या ओल्या मातीत ठसे होते. वनरक्षकाने येऊन मापं घेतली. मादी, चारही पाय धड. ठसे फक्त आत येणारे होते. बाहेर जाणारा एकही नव्हता. तो म्हणाला, भिंतीवरून उडी मारली असेल, आणि लगेच आपल्या पिशवीचे बंद बांधायला लागला. भिंतीवरच्या कॅमेऱ्याने त्या दुपारी सात फोटो काढले होते. एकात कबुतर, बाकी सहांमध्ये नुसतं रिकामं अंगण.

दुसऱ्या दिवसापासून कातड्याचे केस गळायला लागले. ठिपकेबाई सकाळी खोली झाडायची तेव्हा भिंतीखाली पिवळे-काळे केस पडलेले असायचे, आधी चिमूटभर, मग मूठभर. तीन आठवड्यांत सगळं कातडं उघडं पडलं. त्यावर फूल राहिलं नाही की ठिपका. नुसतं तपकिरी चामडं. तिने ते नियमाप्रमाणे खात्यात जमा केलं. साहेबांनी उलटसुलट करून पाहिलं, कसर लागली म्हणाले आणि पावती दिली. तिच्याकडे दोन्ही बाजूंच्या फोटोंची जुळणी होती. ती तिने बासष्ट नंबरच्या फाइलमध्ये लावली, शेऱ्याच्या रकान्यात "ओळख पटली" एवढंच लिहिलं आणि खाली सही केली. ती मादी परत कुठल्याही कॅमेऱ्यात आली नाही.

नवऱ्याने बापाशी महिनाभर अबोला धरला. औषधं वेळेवर आणायचा, अंग पुसायचा, कूस बदलून द्यायचा, पण तोंडातून शब्द काढायचा नाही. सासऱ्यांनीही कधी गयावया केली नाही. ठिपकेबाईने दोघांच्या मधे पडायचं नाही असं ठरवलं होतं. ते तिला जड गेलं, पण तिने पाळलं. मग एका दुपारी नवरा दुकान अर्धवट बंद करून मागच्या खोलीत आला, पलंगाशी स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "आई गेली कशी ते कळलं. होती कशी ते सांगा."

सासऱ्यांना पहिल्या दिवशी काही आठवेना. इतकी वर्षं त्या बाईच्या मरणाकडेच बघत राहिल्याने तिचं जगणं त्यांच्याकडून कुठेतरी ठेवल्या जागी राहून गेलं होतं. पण दुसऱ्या दिवशी एक गोष्ट आली, तिसऱ्या दिवशी दोन. ती डावखुरी होती. हिशेबात पक्की आणि उंचीला भिणारी, झाडावर चढलेल्या नवऱ्याकडे वर न बघता बोलायची. आणि काम करताना शीळ घालायची, अगदी पुरुषासारखी, मोठ्याने. शेजारणींनी टोकलं तर पुढच्या दिवशी आणखी मोठ्याने घालायची. कुठली शीळ, असं मुलाने विचारलं. म्हाताऱ्याने ओठ जुळवून पाहिले. दात नसल्याने नुसता वारा निघाला. पण चढ-उतार कळण्यापुरता निघाला.

संध्याकाळी ठिपकेबाई कचेरीतून आली तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. नवरा पाठमोरा बसून काच घासत होता आणि शीळ घालत होता. सूर साफ चुकत होता. तो मधेच थांबायचा, पुन्हा पहिल्यापासून धरायचा.